उपाशी वाफे

शिरूर
४ नोव्हेंबर २०२४

ऋतिका,

तुझा फोन लागत नाही. खरं तर माझ्या नंबरावरून लागत नाही. परवा कृषी संशोधन केंद्रातल्या फोनवरून लावला तेव्हा तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. कुरकुंभच्या कंपनीचा पत्ता खुटबावला जाऊन तुझ्या आईकडून घेतला. सिंधूबाईंनी पत्ता दिला, पण चहा विचारला नाही. अख्ख्या खुटबावात मला चहा न विचारणारं ते एकच घर आहे.

कामाचं बोलतो. आपल्या कांद्याच्या वाण ४१७ चा प्रस्ताव पुढे जातोय आणि समितीने मूळ नोंदवह्या मागितल्या आहेत. खुटबावच्या चाचणीची निळी वही केंद्रात नाही, ती तुझ्याकडे आहे. ती केंद्राची वही आहे, तुझी रोजनिशी नव्हे. रजिस्टर पोस्टाने माझ्या नावावर पाठव.

काय घडलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण इतक्या दिवसांत तू मनात त्याची वेगळीच गोष्ट करून ठेवली असशील. तुमच्या रानात बारा वाफे होते. सहांवर करपा रोगाचं औषध मारायचं, सहांवर काहीच नाही. त्या सहांना लाल झेंडी. पाणी, खत, खुरपणी सगळं सारखं. औषधाशिवाय झेंडीचे वाफे हिरवे राहिले तर ४१७ ला करपा लागत नाही, हे सिद्ध. तुमच्या गावाने त्यांना नाव ठेवलं होतं, उपाशी वाफे.

आणि तुझ्या आईने त्या उपाशी वाफ्यांना जेवू घातलं. का, तर पंधरा दिवसांनी तुला बघायला पाहुणे येणार होते आणि रान रस्त्याला लागून. आपल्याकडे मुलगी बघायला आलेला माणूस पोह्यांच्या आधी बांधावरून एक चक्कर मारून येतो. पिवळी पात दिसली की घर ढिलं. त्यांनी औषध मारलं, पाहुण्यांनी रान वाखाणलं, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि तू बशी पुढे करताना म्हणालीस, "त्या झेंडीच्या वाफ्यांवर पंधरा दिवसांपूर्वीच औषध मारलंय. तसे ते एवढे हिरवे नव्हते." सोयरीक तिथेच मोडली. तेवढ्याने तुझं समाधान झालं नाही. तेच तू वहीतही लिहिलंस, तारीख घालून, औषधाचं नाव घालून, पंप कोणता तेही घालून.

चूक तुझ्या आईची होती. माझ्या चाचणीची माती त्यांनी केली आणि राग तू माझ्यावर धरलास. केंद्र सोडलंस त्या दिवशी टेबलावर झेंड्यांचं बंडल, मोजपट्टी, ओळखपत्र सगळं नीट मांडून ठेवलं होतंस. वही तेवढी नव्हती. विसरली असशील असं मी धरून चाललो. पण विसरणाऱ्यांतली तू नव्हेस.

आठ दिवसांत पाठव.

सुदर्शन


केंदूर
१६ डिसेंबर २०२४

ऋतिका,

वही आली नाही. पाळी बदलली असेल, पोस्टात जायला जमलं नसेल, असं मी अजून तुझ्या बाजूने धरतोय. किती दिवस धरेन सांगता येत नाही.

आज केंदूरला लागवड झाली. तुझ्या जागी आलेल्या मुलीने दोरी वाकडी लावली, मी दोनदा सोडून पुन्हा लावली. त्यात अकरा वाजले. मग साहेब आले, रोपं हातात धरून फोटो झाला, फलक वाऱ्याने दोनदा पडला, साहेब गेले. मग आम्ही खरी लागवड केली. तुला यातलं नवीन काही नाही.

या वेळी पाच शेतकऱ्यांकडे वाफे घातलेत, आणि साहेबांनी गाव निवडलं ते माझं. "तुमच्या घरचं गाव, लोक तुमचं ऐकतील." लोक मला म्हशीचं पोट फुगलं तरी फोन करतात, मोटार जळली तरी करतात. कांद्याचं मात्र औषधाच्या दुकानदाराला विचारतात. अठरा वर्षं या तालुक्यात मोटारसायकल झिजवून मी एवढं कमावलंय.

पाचातले एक माझे वडील. आबा तुला आठवत असतील. डोळ्याच्या ऑपरेशनला शिरूरला आले होते आणि तू मोसंबीचा रस आणून दिला होतास. अजून विचारतात, "ती खुटबावची पोरगी काय करती?" मोठ्या कंपनीत लागली म्हणून सांगितलं. का गेली ते सांगितलं नाही.

झेंड्या लावताना आबा जवळ आले.

"हे लालवालं, ह्याला पाणी द्यायचं?"

"द्यायचं."

"खत?"

"सगळं द्यायचं, आबा. फक्त औषध नाही."

"रोग आला तरी न्हाई?"

"तरी नाही."

"मंग ठीक हाय," म्हणाले आणि पाण्याचं बारं धरायला गेले. बाकी चौघांनी मला तासभर खोदून खोदून विचारलं होतं.

तू सारखं म्हणायचीस, "सर, खुटबावचा प्लॉट वगळा." कशाच्या जोरावर वगळू? तीन ठिकाणचे आकडे हवे होते. एका ठिकाणी गारा पडल्या, दुसरीकडे कॅनॉलचं पाणी आलं नाही. उरलं खुटबाव. ते वगळलं असतं तर चार वर्षांचं काम पाण्यात. म्हणून मी वेगळ्या वहीत तुझं पान नव्याने लिहिलं. फवारणीची एक ओळ गाळली, इतकंच. साहेबांनी विचारलं, मुलगी का गेली, तेव्हा मी अहवालात "नोंद घेणारी व्यक्ती नवखी होती" असं लिहिलं. ते तुला कुणी दाखवलं मला माहीत नाही. त्यात शिवी नव्हती.

वही पाठव. आता विनंती करतोय.

सुदर्शन


केंदूर
२ फेब्रुवारी २०२५

ऋतिका,

नऊ दिवस झाले, आभाळ उठत नाही. सकाळी पातीवर दव आणि दिवसभर मळभ, म्हणजे करप्याला आवतणच. रोज मोजणी चालू आहे. वाफ्यातली दहा झाडं, प्रत्येकाची पात, डाग किती, शेंडा किती वाळला. वाकून वाकून कंबर धरली आहे. तू मोजायचीस तेव्हा मी बांधावर बसून फोनवर बोलत असायचो, हे आता आठवतं. आठवून उपयोग नाही.

चार जणांचे उपाशी वाफे हिरवेगार आहेत. आबांच्या वाफ्यात जांभळे डाग उतरलेत, शेंडे वाळायला लागलेत.

गाव एक, रोप एकाच गादीवाफ्यातलं, आभाळ एकच. अठरा वर्षांत एवढं तरी मला कळतं. शेजारच्या तुळजाबाईंच्या रानात झेंडीच्या वाफ्यात खाली बसलो. पातीच्या बेचक्यात पांढरट डाग वाळून बसले होते आणि वास तर लपतच नव्हता. त्या बांधावर गवत कापत होत्या. मी म्हटलं, "काकी, औषध मारलं?"

त्यांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला नाही. विळा खाली ठेवला. "व्हय, मारलं. आम्ही चौघांनी बी मारलं. आरं, आमच्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी मारलं. गावचा पोरगा साहेब झालाय, आन् त्याचाच कांदा त्याच्याच गावात पिवळा पडायचा? लोकं काय म्हणत्याल? तुझ्या आबाला बी म्हणलं, तुझ्यात दोन पंप आम्ही मारतो, तू नुसता गप बस. तर म्हणतो कसा, पोरानं न्हाई म्हणलंय. लई हट्टी माणूस."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. मी "बरं" म्हणालो. वर त्यांनी मला वांगी दिली आणि मी ती घेतली.

पाच प्लॉटपैकी चार खोटे आणि एक खरा. आणि खरा सांगतोय की ४१७ ला करपा लागतो. चांगला सणकून लागतो. तुझं मूळ पानही तेच सांगत होतं.

मी वहीत चारांचे हिरवे आकडे लिहिले. डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, असं स्वतःला सांगितलं.

सुदर्शन


शिरूर
२७ फेब्रुवारी २०२५

ऋतिका,

तू ही पत्रं फाडतेस की ठेवतेस? परत येत नाहीत, म्हणजे कुणीतरी घेतंय. आता मी वही मिळावी म्हणून लिहितोय की दुसरं कुणी ऐकायला नाही म्हणून, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

काल शिवार फेरी झाली. दोन गाड्या भरून शेतकरी आले, फेटे झाले, नारळ झाला. साहेब तुळजाबाईंच्या वाफ्यात उभे राहून म्हणाले, "औषधाचा एक थेंब नाही, आणि पात बघा." तुळजाबाई पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या भल्यासाठी केलेलं सार्थकी लागलं म्हणून त्या खूश होत्या. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फेरीच्या नकाशात पाच प्लॉट होते. सकाळी साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तो पाचवा नको. वाट वाईट आहे म्हणून सांगा." वाट चांगली आहे. गेल्या वर्षीच मुरूम टाकलाय. मी लोकांना सांगितलं, वाट वाईट आहे.

आबांना हे कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे मी कळवलं नव्हतं. ते धुतलेला सदरा, टोपी घालून बांधावर उभे होते. आईने पन्नास माणसांचा चहा टाकला होता, किटली झाडाखाली झाकून ठेवली होती. आम्ही दीडशे फुटांवरून, पलीकडच्या रस्त्याने गेलो. त्यांनी हात वर केला. मला वाटतं, आम्ही वाट चुकलो असं वाटून त्यांनी खुणावलं. मी मान खाली घालून चालत राहिलो.

संध्याकाळी घरी गेलो. आबांनी कोनाड्यातून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. लागवडीपासून रोजची नोंद, पेन्सिलने. 'आज पाणी दिलं. झेंडीचे वाफे, तिसरा, डाग सात पातींवर.' 'आज ढग. डाग वाढले. औषध मारलं नाही.' प्रत्येक दिवसाच्या शेवटी तेच, औषध मारलं नाही. मी त्यांना वही घालायला सांगितलं नव्हतं. शिरूरला तू त्यांना तुझी वही दाखवली होतीस म्हणे, रकाने कसे आखायचे ते. रकाने अगदी तुझ्यासारखेच आहेत.

मला फार राग आला. तुझाही आणि त्यांचाही. खरं वागणाऱ्या माणसांचा मला हल्ली राग येतो, हे लिहून टाकतो.

सुदर्शन


शिरूर
२४ मार्च २०२५

ऋतिका,

कांदा काढायला आला. आबांच्या उपाशी वाफ्यांत गोलटी निघाली, सुपारीहून जरा मोठी. बाकी चौघांचा कांदा मुठीत मावत नाही.

साहेब म्हणाले, पाचवा प्लॉट आकड्यांत बसत नाही, वगळा. वगळायला कारण लागतं आणि त्या कागदावर शेतकऱ्याची सही लागते. कारण त्यांनीच सांगितलं, 'शेतकऱ्याची हयगय.' मी म्हटलं, सर, ते माझे वडील आहेत. "मग तर सोपं झालं," म्हणाले. चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच सोपं वाटलं.

मी कागद टाइप केला. स्वतः केला, दुसऱ्या कुणाला दिला नाही. 'शेतकऱ्याने पिकाची योग्य निगा न राखल्याने सदर प्लॉट वगळण्यात येत आहे.' तुला नवखी लिहिताना जेवढा वेळ लागला होता तेवढाच लागला.

रविवारी केंदूरला गेलो. आबा ओसरीवर कांद्याची पात कापत होते. कागद पुढे केला. सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. त्यांनी सही केली नाही, आधी चष्मा मागितला. आईने आणून दिला. दोनदा वाचलं, ओठ हलवत.

"निगा कुणी न्हाई राखली?"

मी बोट पुन्हा सहीच्या जागेवर ठेवलं.

"पाणी चुकलं?"

"नाही, आबा."

"खुरपणी?"

"नाही."

"मंग?"

मी म्हटलं, ऑफिसचं काम असतं असं, नुसता कागद आहे, कुणी वाचत नाही. पेन हातात दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सही केली, मारुतराव, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग पेनाचं टोपण लावून परत दिलं आणि म्हणाले, "तुझं काम अडायला नगं. वही मातूर देणार न्हाई."

आई आतून म्हणाली, जेवून जा. मी थांबलो नाही.

आठ दिवस कागद बॅगेत आहे. रोज बॅग उघडतो आणि बंद करतो. तू असतीस तर एव्हाना काय केलं असतंस हे मला पक्कं माहीत आहे. तेच मला नको होतं, म्हणून तर तू गेलीस.

सुदर्शन


शिरूर
११ एप्रिल २०२५

ऋतिका,

कागद दिला. तीन तारखेला. साहेबांनी पोच दिली, शिक्का मारला, प्रस्ताव पुढे गेला. समितीची बैठक मे महिन्यात आहे. मंजूर झालं तर पुढच्या रब्बीला ४१७ तुमच्या-आमच्या दोन्ही तालुक्यांत जाईल आणि पिशवीवर छापलेलं असेल, औषध लागत नाही. कुणीतरी आबांसारखा ते वाचेल आणि खरं मानेल.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. पारावर कुणीतरी आबांना म्हणालं, "काय मारुतराव, पोराचं वाण तुम्हीच पाडलं म्हणं." आयुष्यभर ज्या माणसाच्या रानात तण बघायला मिळालं नाही, त्याला निगा राखता येत नाही, हे आता सरकारी कागदावर आहे आणि गावाच्या तोंडात आहे. तुळजाबाई त्यांच्या बाजूने भांडल्या म्हणे. पण औषध मारल्याचं त्यांनी सांगितलं नाही. अजून त्या माझी अब्रू राखतायत.

काल आबांचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिला. म्हणाले, "त्या खुटबावच्या पोरीचा पत्ता दे." मी विचारलं, कशाला? म्हणाले, "तिच्याकडं एक वही हाय म्हणं. माझ्याकडं एक हाय. दोनी शेजारी ठिवून बघायच्या." वहीचं त्यांना कसं कळलं? तर ते खुटबावला जाऊन आले होते. सिंधूबाईंनी त्यांना चहा दिला.

त्यांना पत्ता मला न विचारताही मिळाला असता. सिंधूबाईंकडे आहेच. तरी त्यांनी माझ्याकडेच मागितला. मी चुकीचा देतो का, हे बघायचं असेल. मी दिला. कंपनीचं नाव, फाटक क्रमांक, तू प्रयोगशाळेत असतेस, पहिली पाळी तीनला सुटते, सगळं नीट सांगितलं. या सगळ्या प्रकरणात एवढंच एक काम मी धड केलंय, आणि तेही फोनवरून.

सोमवारी निघतील. शिक्रापूरला एक गाडी, चौफुल्याला दुसरी. फाटकावरचा माणूस आत सोडणार नाही, तर ऊन फार व्हायच्या आत बाहेर ये. डाव्या डोळ्याने त्यांना अजून अंधुक दिसतं. तुझं अक्षर तूच वाचून दाखव.

वही मला पाठवू नकोस. पहिल्या पत्रात मागितली ती समितीला द्यायला नव्हती. केंद्राच्या मागे पालापाचोळा जाळायचा खड्डा आहे, तिथे टाकायला हवी होती. समितीने नोंदवह्या मागितल्या असं मी लिहिलं ते खरं होतं. पण मी नव्याने लिहिलेली वही त्यांना आधीच देऊन बसलो होतो.

त्या पानावर तू पंपाचं काय लिहिलंस ते मला पाठ आहे. 'पंप व औषध केंद्राचे. दिले : सुदर्शन सर.' तुमचा पंप बिघडला होता. तुझी आई दारात उभी राहिली, म्हणाली, साहेब, पोरीच्या लग्नाचं हाय, एवढं एकडाव. मी मोटारसायकलवरून पंप उतरवला, औषध स्वतः मोजून दिलं आणि म्हणालो, एवढ्याने काही होत नाही, हा प्लॉट आपण नंतर वगळून टाकू. त्यांनी माझ्या शब्दावर मारलं. नंतर मी तोच प्लॉट ठेवला, आणि आता आबांचा वगळला.

आबांना यातलं काही माहीत नाही; सिंधूबाईंनी वहीचं सांगितलं, पंपाचं नाही. त्यांना वाटतंय, साहेबाने माझ्यावर दबाव आणला आणि पोरगा अडकला. फोन ठेवताना म्हणाले, "तुझ्यावर काय येऊ देणार न्हाई मी."

मला सांगायला जमलं नाही. पान वाचताना ती ओळ येईल तेव्हा गाळू नकोस.

सुदर्शन